कामामुळे झालेला मानसिक आजार: भरपाईचा दावा कसा उभा करावा

भरपाईच्या अर्जात ‘इजेचं स्वरूप’ असा एक चौकोन असतो. मानसिक आजारासाठी दावा करणारे पुष्कळ जण तिथे लिहितात, ‘वरिष्ठांकडून सतत छळ’, ‘कामाचा असह्य ताण’, ‘ऑफिसमधलं विषारी वातावरण’. यातली एकही गोष्ट इजा नाही. ही झाली कारणं, आणि तीही मोघम. इजा म्हणजे तुमच्या आत काय बिघडलं ते, डॉक्टरांनी त्याला दिलेल्या नावानिशी. चौकोन लहान असला तरी अर्ज वाचणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाते आणि समोर आहे तो दावा की गाऱ्हाणं, हे तो मनाशी ठरवूनच पुढचं पान उलटतो.

कामगार भरपाई ही कल्पना १८८४ साली बिस्मार्कच्या जर्मनीत कायद्यात उतरली आणि मग देशोदेशी गेली. तिच्यामागचा सौदा असा: कामामुळे इजा झाली एवढं कामगाराने दाखवायचं, मालकाची चूक दाखवायची गरज नाही. त्या बदल्यात कोर्टात जाऊन मालकाकडून मोठी रक्कम मागण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी बंद होतो किंवा अरुंद होतो. म्हणजे तुमचा साहेब किती दुष्ट आहे याचा निवाडा करायला इथे कोणी बसलेलं नाही. विमा कंपनी किंवा सरकारी मंडळ तीनच गोष्टी पाहतं. कामावर नेमकं काय घडलं? त्यातून कोणता आजार झाला? आणि त्या आजाराने किती पगार बुडाला, किती खर्च झाला, काय करता येईनासं झालं? या तीन कड्या एकमेकींत अडकल्या की दावा उभा राहतो. साहेबाला जाब विचारायचा असेल तर त्यासाठी तक्रार समिती, कामगार न्यायालय, प्रसंगी पोलीस असे वेगळे दरवाजे आहेत. दोन्ही एकाच वेळी करता येतं, एकाच कागदावर मात्र करू नये.

सगळ्यात आधी डॉक्टर

जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टर, हेल्पलाइन किंवा जवळच्या माणसाला गाठा. दावा थांबू शकतो.

एरवी पहिली पायरी म्हणजे नेहमीचे डॉक्टर. तिथे बहुतेकांचं एक नुकसान होतं. माणूस जातो आणि सांगतो, ‘झोप येत नाही, पित्त वाढलंय, छातीत धडधडतं.’ डॉक्टर तेवढंच लिहितात आणि औषध देतात. पुढे काही महिन्यांनी दावा दाखल होतो, विमा कंपनी जुने केसपेपर मागवते आणि विचारते, ‘आजार कामामुळे झाला म्हणता, मग पहिल्या तीन भेटींत कामाचं नावसुद्धा कसं नाही?’ तेव्हा पहिल्याच भेटीत कामावर काय झालं ते सांगा, कधीपासून काय होतंय ते सांगा, आणि डॉक्टरांनी ते टिपलं की नाही हे विचारा. रंगवून सांगू नका. घरात आजारपण असेल, कर्जाची काळजी असेल, तर तीही लपवू नका. या गोष्टी नंतर बाहेर आल्या की कामाबद्दलचं खरं बोलणंही संशयास्पद वाटू लागतं.

नुसता ‘ताण’ हे निदान नाही. ‘बर्नआउट’ म्हणजे कामाने पार थकून जाणं, तेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटचा उल्लेख आहे, पण कामाशी संबंधित एक घटित म्हणून. आजारांच्या यादीत त्याला जागा दिलेली नाही. दाव्यात चालतात ती नैराश्य, चिंताविकार, आघातोत्तर तणाव विकार म्हणजे पीटीएसडी, समायोजन विकार अशी निदानं. समायोजन विकार म्हणजे एखाद्या ठळक ताणाशी जुळवून घेता न आल्यामुळे आलेली अस्वस्थता, आणि कामाशी निगडित दाव्यांत हे नाव वारंवार दिसतं. ते ऐकायला सौम्य वाटतं म्हणून नाराज होऊ नका. मोठं नाव मिळवण्यासाठी डॉक्टर बदलत राहणं दाव्याला फार महागात पडतं.

पीटीएसडीबाबत एक बारकावा माहीत असावा. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेनुसार पडद्यावर भयंकर दृश्यं पाहिल्याने हे निदान सहसा करता येत नाही. मात्र ती दृश्यं वारंवार पाहणं हा कामाचाच भाग असेल तर करता येतं. समाजमाध्यमांवरचे हिंसक व्हिडिओ तपासणारे कर्मचारी, गुन्ह्याचं डिजिटल साहित्य चाळणारे पोलीस यांना ही ओळ मोलाची आहे.

डॉक्टर पीएचक्यू-९, जीएडी-७, पीसीएल-५ अशा प्रश्नावल्या भरून घेतात. पहिली नैराश्याची, दुसरी चिंतेची, तिसरी आघाताची. त्यांचे गुण तारखेनिशी नोंदवलेले असतील तर आजाराचा चढउतार कागदावर दिसतो. म्हणून अधूनमधून त्या पुन्हा भरून घ्यायला सांगा.

तुमच्यावर कोणता कायदा लागू होतो

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती चुकली तर बाकीचं सगळं वाया जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मानसिक विकारांचा गट घातला, पीटीएसडीचं नाव घेऊन. तरीही प्रत्येक देशाने, काही ठिकाणी प्रत्येक राज्याने, आपापली चाळणी ठेवली आहे. तुमच्या कायद्याला चार प्रश्न विचारा.

पहिला: एकाच प्रसंगाने झालेली इजा चालते, की हळूहळू साचत गेलेलीही? न्यूझीलंडमध्ये शारीरिक इजेशिवायच्या मानसिक इजेला कामगार म्हणून भरपाई मिळते ती एखाद्या अचानक प्रसंगामुळे झाली असेल तरच, आणि तो प्रसंग तुम्ही स्वतः अनुभवलेला, पाहिलेला किंवा ऐकलेला हवा. वर्षभराचा जाच तिथे बसत नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात मात्र १ जानेवारी २०१८ पासून कामावरच्या दीर्घकालीन ताणातून झालेला आजारही धरला जातो.

दुसरा: कामाचा वाटा किती असावा लागतो? ‘एक कारण’, ‘महत्त्वाचं कारण’ आणि ‘प्रमुख कारण’ हे तीन वेगवेगळे उंबरठे आहेत. कॅलिफोर्नियात सगळी कारणं एकत्र धरून कामाचा वाटा निम्म्याहून जास्त लागतो. हिंसाचाराचा प्रसंग असेल तर अट सैल होते. शिवाय तिथे त्या मालकाकडे किमान सहा महिने काम केलेलं असावं लागतं, अचानक घडलेला असाधारण प्रसंग तेवढा अपवाद. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने ३१ मार्च २०२४ पासून असाच कडक निकष आणला आणि नेहमीच्या कामातला नेहमीचा ताण भरपाईबाहेर ठेवला. जपानची पद्धत आणखी वेगळी. तिथे आजार सुरू होण्याआधीच्या साधारण सहा महिन्यांतल्या घटना घेऊन प्रत्येकीचा मानसिक भार तीव्र, मध्यम की सौम्य हे तक्त्यावरून ठरवतात. आजाराच्या लगेच आधीच्या महिन्यात १६० तासांच्या आसपास जादा काम झालेलं असेल तर एवढ्यावरच भार तीव्र मानतात. २०२३ मध्ये त्या तक्त्यात ग्राहकांकडून होणाऱ्या जाचाचीही भर पडली.

तिसरा: तुम्ही कायद्याच्या लेखी कामगार आहात का? कंत्राटी, गिग, प्रशिक्षणार्थी अशा कोणत्याही नावाखाली काम करत असाल तर ‘आपण बसत नाही’ असं परस्पर गृहीत धरू नका. अनेक कायदे करारावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाचं स्वरूप पाहतात.

चौथा, सगळ्यात निर्दयी: मुदत किती? ती दोन प्रकारची असते, कळवण्याची आणि दावा करण्याची. व्हिक्टोरियात मालकाला ३० दिवसांत कळवायचं असतं. ऑन्टॅरिओत दाव्याला सहा महिने, कॅलिफोर्नियात साधारण एक वर्ष, जपानमध्ये बुडालेल्या पगाराच्या मागणीला दोन वर्षं. हळूहळू झालेल्या आजारात घड्याळ कधी सुरू होतं, यावर वाद होतात: त्रास सुरू झाला तेव्हा, निदान झालं तेव्हा, की काम थांबलं तेव्हा? तुम्हाला सगळ्यात गैरसोयीची तारीख धरा आणि तिच्या आत अर्ज करा. उशीर झालाच असेल तर आजारामुळेच उशीर झाला हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बऱ्याच कायद्यांत त्याला सूट आहे.

भारताबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे बाहेरच्या देशांतली माहिती वाचून माणसं चुकीच्या अपेक्षा ठेवतात. १९२३ चा भरपाई कायदा आणि त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता, दोन्हींचा पाया कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेला अपघात हाच आहे. व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात मानसिक आजार नाहीत. म्हणून साचत गेलेल्या ताणाचा थेट दावा इथे फार कठीण. एखाद्या ठरावीक अपघातानंतर किंवा हल्ल्यानंतर जडलेला आजार मांडायला तुलनेने वाव आहे. बाकी दोन वाटा लोकांना फारशा ठाऊक नसतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत तुम्ही असाल तर काही गंभीर मानसिक आजारांना वाढीव आजार लाभ मिळतो, आणि तिथे आजार कामामुळे झाला हे दाखवावंच लागत नाही. दुसरी, स्त्रीचा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला असेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम १५. त्यात भरपाई ठरवताना मानसिक आघात, भावनिक त्रास, हुकलेली संधी आणि मनोविकार उपचारांचा खर्च यांचा विचार करायला समितीला स्पष्ट सांगितलं आहे. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन.

मालकाला कळवणं

तोंडी सांगितलंत तरी त्याच दिवशी लेखी पाठवा. चार ओळी पुरतात: अमुक तारखेपासून मला अमुक त्रास होत आहे, डॉक्टरांच्या मते तो कामावरच्या अमुक घटनांशी संबंधित आहे, ही कामामुळे झालेली इजा म्हणून नोंदवावी, आणि दाव्याचा अर्ज द्यावा. पोचपावती घ्या किंवा ईमेल करा. कामाच्या ठिकाणी अपघात नोंदवही असेल तर तिच्यात नोंद करायला लावा. ‘ही वही पडण्या-झडण्याची आहे, मनाची नाही’ असं कोणी म्हटलं, तर तेही लेखी मागा.

या पत्रात आरोपांची यादी देऊ नका. हे पत्र म्हणजे सूचना, कैफियत नव्हे.

घटनाक्रम: खरं काम इथे आहे

मानसिक आजाराच्या दाव्यात तुमचं निवेदन हाच कणा असतो, आणि ते लिहिणं हाच सगळ्यात जड भाग. जे विसरायला धडपडतो आहोत तेच तारखेनिशी आठवायचं असतं. एका बैठकीत लिहायचा हट्ट धरू नका. रोज अर्धा तास, आणि लिहून झाल्यावर कोणाशी तरी बोला किंवा बाहेर चालून या.

कच्चं लिखाण बहुधा असं येतं: ‘गेली दोन वर्षं मला टार्गेट केलं जात आहे. सगळ्यांसमोर अपमान होतो. व्यवस्थापनाला सगळं माहीत असूनही कोणी काही करत नाही.’ वाचणाऱ्याला सहानुभूती वाटेल, पण त्याला तपासता येईल असं यात काहीच नाही. तेच असं लिहिता येतं:

‘१४ मार्च, दुपारी चारच्या सुमारास. वॉर्डात चार परिचारिकांची नेमणूक असताना आम्ही दोघीच होतो. एका रुग्णाच्या नातेवाइकाने माझा गळा धरून मला भिंतीवर ढकललं. सहकारी परिचारिका आणि सुरक्षारक्षक समोर होते. त्या रात्री झोप लागली नाही. १५ मार्चला प्रभारींना ईमेल केला. १८ मार्चला पुन्हा त्याच वॉर्डात ड्यूटी लागली. दारापाशी गेले तेव्हा हातपाय थरथरू लागले आणि मी आत जाऊ शकले नाही. २० मार्चला डॉक्टरांकडे गेले.’

इथे विशेषणं नाहीत. तारीख, जागा, साक्षीदार, शरीराने दिलेला प्रतिसाद, कळवलं कधी, डॉक्टरकडे कधी. ‘अपमान केला’ हा निष्कर्ष आहे. बोललेले शब्द हे तथ्य. शब्द आठवत असतील तर जसेच्या तसे लिहा, शिवीसकट. आठवत नसतील तर ‘साधारण अशा अर्थाचं’ असं लिहा. तारीख नक्की नसेल तर ‘मार्चचा दुसरा आठवडा’ लिहा. खोटी अचूकता एका पकडलेल्या तारखेबरोबर सगळं निवेदन घेऊन बुडते.

दोन वर्षांतल्या चाळीस प्रसंगांची जंत्री देण्याचा मोह होईल. तो आवरा. सहा ते दहा ठसठशीत प्रसंग निवडा, ज्यांना कागद किंवा साक्षीदार आहे आणि ज्यांच्यानंतर तब्येतीत काहीतरी बदल झाला. बाकीचे वेगळ्या परिशिष्टात ठेवा. क्षुल्लक प्रसंग यादीत आला, समजा कोणी नमस्काराला उत्तर दिलं नाही, की विरोधी बाजू नेमका तोच उचलते.

शेवटी कामाआधीचे तुम्ही आणि आत्ताचे तुम्ही यांतला फरक लिहा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मानसिक अपंगत्व मोजताना सहा क्षेत्रं बघतात: स्वतःची निगा, सामाजिक वावर आणि विरंगुळा, प्रवास, नातेसंबंध, एकाग्रता आणि कामाचा वेग, नोकरी करण्याची क्षमता. तुमचा कायदा कुठलाही असो, ही चौकट उपयोगी पडते. ‘फार त्रास होतो’ यापेक्षा ‘पूर्वी एकटीने ट्रेनने जायचे, आता नवऱ्याने सोडल्याशिवाय स्टेशनच्या जिन्यापर्यंतही जात नाही’ हे वाक्य दहापट बोलतं. जे अजून जमतं तेही लिहा. सगळंच संपलं आहे असं सांगणाऱ्या निवेदनावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पुरावे जमवताना

ड्यूटी पत्रकं, हजेरी, जादा तासांच्या नोंदी, ईमेल, मेसेज, आधीच्या वर्षांचे चांगले शेरे, मेमो, रजेचे अर्ज, अपघात अहवाल. घरच्या माणसाचं छोटं निवेदनही चालतं: त्याने काय पाहिलं ते, त्याचं मत नव्हे.

दोन ठिकाणी पाय घसरतो. कंपनीची गोपनीय माहिती, ग्राहकांचा किंवा रुग्णांचा तपशील स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. इजेचा दावा राहील बाजूला आणि शिस्तभंगाची कारवाई ओढवेल. अशा कागदांची तारीख आणि विषय टिपून ठेवा, ते दाव्याच्या प्रक्रियेतून अधिकृतपणे मागवता येतात. आणि गुपचूप रेकॉर्डिंग. काही देशांत ते चालतं, काही ठिकाणी तो गुन्हा आहे. वकिलाला विचारल्याशिवाय बटण दाबू नका. त्यापेक्षा बैठक संपल्यावर तासाभरात स्वतःला पाठवलेला ‘आज काय झालं’ असा साधा ईमेल पुष्कळदा जास्त उपयोगाचा ठरतो.

डॉक्टरांचं पत्र

‘रुग्ण कामाच्या ताणामुळे त्रस्त आहे, दोन आठवडे विश्रांती आवश्यक’ असं पत्र रजेला पुरतं, दाव्याला नाही. शक्य असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडून घ्या आणि त्यांना प्रश्नच लिहून द्या:

निदान काय आणि ते कोणत्या निकषांवर?
लक्षणं कधी सुरू झाली?
कामावरच्या कोणत्या घटनांचा या आजाराशी संबंध आहे, आणि तो का वाटतो?
इतर कारणं कोणती, आणि त्यांच्या तुलनेत कामाचा वाटा किती? (तुमच्या कायद्यातला नेमका शब्द इथे द्या, ‘प्रमुख’ असेल तर ‘प्रमुख’.)
सध्या कोणतं काम करता येतं, कोणतं नाही, आणि किती काळ?
उपचार काय लागतील?

यांतला ‘का’ हा सगळ्यात महत्त्वाचा. कारण न देता दिलेलं मत विमा कंपनी सहज बाजूला सारते. डॉक्टरांना तुमचा घटनाक्रम वाचायला द्या, पण मजकूर तुम्ही लिहून त्यावर सही मागू नका.

पूर्वी कधी नैराश्य आलं होतं, म्हणून आता दावा होणार नाही असं समजू नका. असलेला आजार कामामुळे बळावला किंवा पुन्हा उसळला, हेही बऱ्याच कायद्यांत इजा म्हणून धरलं जातं. मात्र जुना आजार सांगावा लागतो. ‘चार वर्षं औषधं बंद होती, नोकरीत एकही सुट्टी त्यासाठी घेतली नव्हती’ असं दाखवता आलं तर तोच इतिहास तुमच्या बाजूने बोलतो.

वैद्यकीय माहितीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचा. ‘जन्मापासूनचे सर्व कागद’ अशी संमती मागितली तर दाव्याशी संबंधित काळ आणि विषय यांपुरती ती मर्यादित करता येईल का, विचारा.

‘ही तर रास्त कारवाई होती’

मानसिक इजेचे दावे सर्वाधिक अडतात ते या एका बचावावर. ऑस्ट्रेलिया, ऑन्टॅरिओ, कॅलिफोर्निया, सगळीकडे शब्द वेगळे पण आशय साधारण एकच: बदली, कामाचं मूल्यमापन, शिस्तभंग, बढती नाकारणं, कामावरून कमी करणं अशा व्यवस्थापनाच्या निर्णयांतून आजार झाला आणि ते निर्णय योग्य रीतीने घेतलेले होते, तर भरपाई नाही. म्हणूनच मघाशी म्हटलेल्या ‘चूक दाखवावी लागत नाही’ या तत्त्वाला इथे एक मोठं भोक पडतं. इथे मालक कसा वागला याला महत्त्व येतंच.

उत्तर तीन दिशांनी देता येतं. एक: आजार त्या कारवाईने झालाच नाही, त्याआधीच सुरू होता. निकृष्ट शेरा मिळाला जूनमध्ये, पण डॉक्टरांकडे पहिली भेट एप्रिलमधली, हल्ल्यानंतरची. तारखा इथे कामाला येतात. दोन: जे झालं ती व्यवस्थापनाची कारवाईच नव्हती. आरडाओरडा, टोमणे, रात्री बाराला फोन, चौघांची कामं एकावर टाकणं हे दैनंदिन काम चालवणं किंवा निव्वळ वागणूक आहे. त्याला ‘कारवाई’ हे नाव नंतर चिकटवलेलं असू शकतं. तीन: कारवाई होती, पण रीत चुकली. कंपनीची स्वतःची नियमावली काढा. नोटीस किती दिवसांची हवी होती? सोबत कोणाला नेण्याची मुभा होती का? बाजू मांडायला दिली का? आरोप लेखी होते का? नियमावलीतली ओळ आणि प्रत्यक्षातली तारीख शेजारी शेजारी मांडली की वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. पण हे लक्षात ठेवा: कारवाई आदर्श असण्याची गरज नसते, रास्त असली की पुरे. निर्णय चुकीचा होता एवढंच म्हणून भागत नाही.

तपासनीस आणि विमा कंपनीचे डॉक्टर

अर्ज गेला की बऱ्याचदा तपासनीस जबानी घ्यायला येतो. सोबत कोणीतरी ठेवा, घटनाक्रम समोर ठेवा, मध्ये विश्रांती मागा. आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणा. जबानी वाचल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागून घ्या.

मग विमा कंपनी स्वतःच्या पसंतीच्या मनोविकारतज्ज्ञाकडे तपासणीला पाठवते. हे डॉक्टर तुमच्यावर उपचार करत नाहीत, ते अहवाल लिहितात. तिथलं बोलणं गोपनीय नसतं. सहसा विनाकारण नकार दिला तर दावा अडतो, म्हणून जा. वाईट दिवसाचंच वर्णन करू नका, चांगल्या दिवसाचंही करा आणि आठवड्यात कोणते किती ते सांगा. तपासणी कितीला सुरू झाली, कितीला संपली, काय विचारलं नाही, हे घरी आल्यावर लिहा. पुढे अहवालावर आक्षेप घेताना याच नोंदी लागतात.

समाजमाध्यमांवरचे फोटो पाहिले जातात, काही ठिकाणी प्रत्यक्ष पाळतही ठेवतात. भाचीच्या लग्नातला हसरा फोटो म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही, पण ‘मी घराबाहेर पडूच शकत नाही’ असं लिहून ठेवलेलं असेल तर तो फोटो महाग पडतो. जुन्या पोस्ट पुसू नका. पुरावा नष्ट केला असा आरोप येतो. नवीन टाकणं मात्र थांबवा.

निकाल येईपर्यंत

राजीनामा देण्याची ऊर्मी येते, आणि कधी कधी तब्येतीसाठी तोच योग्य निर्णय असतो. पण आधी सल्ला घ्या. राजीनाम्याने काही ठिकाणी पगाराची भरपाई, नोकरीचं संरक्षण आणि कामावर परतण्याची व्यवस्था यांवर परिणाम होतो. रजेची प्रमाणपत्रं एकमेकांना जोडून ठेवा, मध्ये चार दिवसांची फट पडू देऊ नका. तात्पुरते हप्ते किंवा निकालापूर्वी उपचारांचा खर्च देण्याची सोय तुमच्या कायद्यात आहे का, ते अर्ज करतानाच विचारा. युनियन असेल तर तिला आता सांगा, नकार आल्यावर नव्हे.

उपचार चालू ठेवा. हे तब्येतीसाठी तर आहेच, पण ‘एवढा आजार होता तर चार महिने डॉक्टरकडे गेला का नाहीत?’ हा प्रश्नही ठरलेला असतो.

नकार आला तर

मानसिक आजाराच्या दाव्यात पहिला नकार ही नवलाची गोष्ट नाही. पत्र दोनदा वाचा आणि कारणं वेगळी काढा. निदान मान्य नाही, कामाशी संबंध मान्य नाही, रास्त कारवाईचा बचाव आहे, की मुदत उलटली? प्रत्येक कारणाला वेगळा पुरावा लागतो. निदानावर वाद असेल तर आणखी साक्षीदार आणून उपयोग नाही, तज्ज्ञांचा सविस्तर अहवाल हवा. घटना घडलीच नाही असं म्हणत असतील तर डॉक्टर काही करू शकत नाहीत, तिथे ईमेल आणि साक्षीदार लागतात. आधीचंच निवेदन अधिक संतापून पुन्हा पाठवणं हा वेळेचा अपव्यय आहे.

अपिलाची मुदत वेगळी असते आणि ती दाव्याच्या मुदतीहून कमी असू शकते. ती नकाराच्या पत्रातच दिलेली असते, बहुधा शेवटच्या पानावर. विमा कंपनीने ज्या अहवालांवर निर्णय घेतला त्यांच्या प्रती लगेच मागा. वकील घ्यायचा असेल तर तो या टप्प्यावर नक्की घ्या, आणि फी कोण देणार हे आधी विचारा. काही व्यवस्थांत ती दावेदाराकडून घ्यायला बंदी किंवा मर्यादा आहे.

मंजूर झाला तर

बुडालेल्या पगाराचा ठरावीक हिस्सा, उपचारांचा खर्च, आणि कायमचं नुकसान ठरलं तर एकरकमी रक्कम, असे साधारण तीन भाग असतात. पगार मोजताना जादा तास, रात्रपाळीचा भत्ता धरला का ते तपासा.

कामावर परतण्याचा आराखडा डॉक्टर, मालक आणि तुम्ही मिळून ठरवता. ‘आठवड्यातून दोन दिवस, चार-चार तास’ एवढंच पुरेसं नाही. ज्या माणसामुळे किंवा ज्या जागेमुळे आजार झाला, तिच्याबद्दल काय? रिपोर्टिंग कोणाकडे, बसायचं कुठे, त्रास झाला तर कोणाला सांगायचं, हे लेखी नसेल तर परतणं फार टिकत नाही.

पुढे कधीतरी एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव येतो. आकडा मोठा दिसतो, पण त्यावर सही झाली की पुढचे उपचार स्वतःच्या खिशातून, असं बऱ्याच तडजोडींत असतं. तेव्हा आधी डॉक्टरांकडून पुढच्या काही वर्षांच्या औषधांचा आणि थेरपीचा अंदाज लेखी घ्या. आजारपणाचा भत्ता किंवा आरोग्य विम्याने दिलेले पैसे या रकमेतून परत करावे लागतील का, कर लागेल का, आणि करारात नोकरी सोडण्याचं किंवा इतर तक्रारी मागे घेण्याचं कलम शिरलंय का, हे वकिलाकडून ओळ न ओळ तपासून घ्या. विचार करायला वेळ मागा, आणि सही करायला झोप झालेल्या दिवशी जा.